शेवट ठाऊक असलेले रहस्य

गावच्या देवळात कीर्तनकार बुवा आग्र्याहून सुटकेचे आख्यान लावतात, तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीपासून पुढच्या रांगेतल्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते, की महाराज सुटणार आहेत आणि राजगडाला सुखरूप पोचणार आहेत. १६६६ साली लागलेला हा निकाल आता काही बदलायचा नाही. तरीसुद्धा पहारेकरी पेटाऱ्यापाशी येऊन थबकला, असे बुवांनी म्हटले की सारे देऊळ चिडीचूप होते. शेवट ठाऊक आहे, मग जीव टांगणीला का लागतो?

मला हा प्रश्न पडला तो एका इंग्रजी कादंबरीमुळे. फ्रेडरिक फोर्सिथ या लेखकाची ही पहिली कादंबरी, 'द डे ऑफ द जॅकल', १९७१ साली प्रसिद्ध झालेली. जॅकल म्हणजे आपला कोल्हा. एका भाडोत्री मारेकऱ्याने घेतलेले हे टोपणनाव आहे, आणि त्याला मारायचे आहे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जनरल शार्ल द गॉल यांना. आता मौज बघा. द गॉल कुणाच्या गोळीने मेले नाहीत, हे जगजाहीर आहे. म्हणजे कट फसणार, हे पुस्तक उघडण्याआधीच आपल्याला कळलेले असते. वसतिगृहात असताना मी हे पुस्तक रात्री जेवण झाल्यावर हाती घेतले, आणि ते खाली ठेवले तेव्हा बाहेर दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजत होती. फोर्सिथ माझा आवडता लेखक झाला तो त्या रात्रीपासून. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा तेच पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचले. खरे कुठे संपते आणि रचलेले कुठे सुरू होते, ते पाहावे म्हणून. आजचे बोलणे आहे ते या दुसऱ्या वाचनाविषयी.

फोर्सिथ हा मूळचा वार्ताहर. १९६२ साली रॉयटर या वृत्तसंस्थेने त्याला पॅरिसला नेमले. त्या दिवसांत द गॉल यांच्या जिवावर इतके लोक उठले होते, की ते घराबाहेर पडले की वार्ताहरांची टोळी त्यांच्या मागोमाग निघे. न जाणो, आजच काही झाले तर बातमी हुकायला नको! पुढे नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धात वार्ताहरकी करून हा गृहस्थ मायदेशी परतला तो खिसा रिकामा करून. १९७० च्या जानेवारीत त्याने टंकयंत्र पुढे ओढले आणि ३५ दिवसांत ही कादंबरी उतरवून काढली. प्रकाशकांनी मात्र ती एकामागून एक परत केली. त्यांचा आक्षेप आपल्या प्रश्नासारखाच होता. द गॉल तर जिवंत आहेत, मग त्यांच्या खुनाचा कट कोण वाचणार? शेवटी एका प्रकाशनसंस्थेने धाडस केले, आणि तेही बेताचे. पहिली आवृत्ती आठ हजारांची काढली. पुढे ती जगभर किती खपली ते सांगत बसत नाही.

द गॉल यांच्यावर एवढा राग कुणाचा आणि का, हे कळल्याखेरीज पुस्तकाची गोडी कळत नाही. भूमध्य समुद्राच्या पलीकडचा अल्जीरिया फ्रेंचांनी १८३० पासून जिंकायला घेतला. तिथे हळूहळू दहा लाखांच्या घरात युरोपीय वस्ती झाली. फ्रेंच लोक अल्जीरियाला वसाहत म्हणत नसत, फ्रान्सचाच एक भाग म्हणत; पण त्या भागातल्या बहुसंख्य मुसलमान रयतेला बरोबरीचे हक्क मात्र नव्हते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी तिथे स्वातंत्र्याचे सशस्त्र बंड पेटले. १९५८ च्या मे महिन्यात अल्जीयर्समधल्या गोऱ्या वस्तीने आणि सैन्याने उठाव केला, पॅरिसचे सरकार डळमळले आणि निवृत्त होऊन गावी बसलेल्या द गॉल यांना बोलावणे गेले. जूनमध्ये अल्जीयर्सच्या सज्जात उभे राहून ते म्हणाले की, तुमचे मन मला कळले आहे. खालच्या गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला. प्रत्येकाला वाटले, हा आपला माणूस! पण पुढच्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी अल्जीरियाला स्वयंनिर्णयाचा हक्क देऊ केला. ज्यांनी त्यांना आणले त्यांच्या दृष्टीने हा दगा होता.

यापुढची एक हकीकत मी थोडी रेंगाळून सांगणार आहे, कारण ती रेडिओची आहे. १९६१ च्या एप्रिलमध्ये, २१ तारखेच्या रात्री, सालाँ, शाल, जूओ आणि झेलेर या चार निवृत्त जनरलांच्या बंडातल्या पलटणींनी अल्जीयर्स शहर ताब्यात घेतले. छत्रीधारी सैनिक पॅरिसवर उतरणार, अशा वावड्या उठल्या. २३ तारखेला, रविवारी रात्री, द गॉल जनरलचा गणवेश चढवून राष्ट्राशी बोलले. अल्जीरियातल्या बराकींत सक्तीच्या भरतीची लाखो तरुण पोरे होती, शेतकऱ्यांची, कामगारांची. त्यांच्या खाटांवर, पाठपिशव्यांत छोटे ट्रान्झिस्टर होते. बंडखोर अधिकारी काय हुकूम देतात ते एका कानाने आणि राष्ट्राध्यक्ष काय सांगतात ते दुसऱ्या कानाने पोरांनी ऐकले, आणि ठरवले की अधिकाऱ्यांचे ऐकायचे नाही. कुणी गाड्या अडवल्या, कुणी कामच केले नाही, कुणी नुसते बसून राहिले. चार-पाच दिवसांत बंड ओसरले. फ्रेंच लोक याला 'ट्रान्झिस्टरची लढाई' म्हणतात. गोळी न झाडता, कानाने जिंकलेली लढाई म्हणा ना!

बंड फसले तेव्हा हट्टी लोक भूमिगत झाले. त्यांची गुप्त सैन्य संघटना, ओ. ए. एस., त्याच वर्षाच्या आरंभी उभी राहिली होती. तिने अल्जीरियात आणि फ्रान्समध्ये बॉम्ब आणि खून यांचे सत्र मांडले. फोर्सिथच्या कादंबरीत ही संघटना आहे, पण सावलीसारखी. प्रत्यक्षात तिचे काम कसे होते याचा एकच दाखला देतो. ७ फेब्रुवारी १९६२ रोजी पॅरिसलगत सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या घरावर बॉम्ब ठेवला गेला. मालरो स्वतः नामांकित कादंबरीकार. ते सुखरूप राहिले. खालच्या मजल्यावर खेळत असलेल्या चार वर्षांच्या मुलीचा चेहरा काचांनी फाटला आणि डोळे जायबंदी झाले. कादंबरीतला मारेकरी नेम चुकू नये म्हणून रानात जाऊन खरबुजावर सराव करतो. खऱ्या कटवाल्यांना असा नेम नव्हता.

मार्च १९६२ मध्ये एव्हियाँ येथे तह झाला आणि जुलैत अल्जीरिया स्वतंत्र झाला. त्या एका उन्हाळ्यात लाखो युरोपीय लोकांनी हातात मावेल तेवढे सामान घेऊन, घरेदारे टाकून समुद्र ओलांडला. फ्रेंच सैन्यात चाकरी केलेल्या अल्जीरियन मुसलमानांपैकी पुष्कळांना मागेच सोडले गेले, आणि त्यांतल्या हजारोंची कत्तल झाली. आपण १९४७ चे ऐकलेले आहे. वेगळे काय सांगायचे?

आता येतो तो दिवस. २२ ऑगस्ट १९६२, बुधवार. मंत्रिमंडळाची बैठक आटोपून द गॉल संध्याकाळी विमानतळाकडे निघाले, तिथून गावी कोलोंबेला जायचे होते. काळी सित्रोएन मोटार. मागे साहेब आणि बाईसाहेब, पुढे चालकाशेजारी जावई. मागून एक गाडी आणि दोन मोटारसायकलस्वार, बस्स. आपल्याकडच्या एखाद्या मंत्र्याचा ताफा डोळ्यांपुढे आणा म्हणजे फरक कळेल. पॅरिसच्या वेशीबाहेर पती-क्लामार येथे बंदूकधारी दबा धरून बसले होते. त्यांचा म्होरक्या रस्त्याच्या कडेला उभा होता. गाडी दिसताच त्याने हातातले वर्तमानपत्र हलवायचे अशी खूण ठरली होती. त्याने ते हलवले. पण उजेड मावळत आला होता, खूण वेळेवर दिसली नाही आणि गोळीबार क्षणभर उशिरा सुरू झाला. दीडशेहून अधिक गोळ्या सुटल्या. चौदा गाडीला लागल्या, दोन टायर फुटले. चालकाने गाडी थांबवली नाही, फुटक्या टायरांवर तशीच दामटली. जावयाने ओरडून सासू-सासऱ्यांना खाली वाकायला लावले. एकालाही खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

विमानतळावर उतरल्यावर द गॉल यांनी कोटावरच्या काचा झटकल्या आणि या लोकांना धड नेमसुद्धा धरता येत नाही, अशा अर्थाचे काहीतरी तुसडेपणाने म्हणाले, असे सांगतात. बाईंची गोष्ट त्याहून गोड आहे. गाडीच्या डिकीत दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी कोंबड्या होत्या. बाईंनी चौकशी केली, कोंबड्यांना काही झालं नाही ना? फ्रेंच बोलीत 'कोंबड्या' हा पोलिसांसाठीही चालणारा शब्द आहे. उभे असलेले पोलीस भारावून गेले, बाईंना आपली किती काळजी!

इथे कादंबरीकारावर माझा एक आक्षेप आहे, आणि तो फ्रेंच इतिहासाच्या नव्हे, पंचांगाच्या आधारे आहे. फोर्सिथने लिहिले आहे की म्होरक्याने संधिप्रकाशाची वेळ पाहिली ती चुकून १९६१ च्या कॅलेंडरात. त्यात आठ पस्तीस होते, आणि १९६२ साली त्याच तारखेला अंधार पडला आठ-दहाला. वाचताना आपण चुकचुकतो, केवढ्याशा चुकीने केवढा इतिहास वाचला! पहिल्या वाचनात मीही चुकचुकलो. पण शेतावर राबणाऱ्या कुणालाही विचारा. तिथी मागेपुढे होते, सण सरकतात. सूर्य मात्र इंग्रजी तारखेला बांधलेला आहे. २२ ऑगस्टचा सूर्यास्त यंदा आणि गेल्या वर्षी यांत मिनिटाच्या आतबाहेरचा फरक पडेल, पंचवीस मिनिटांचा कुठून पडणार? संक्रांत दर वर्षी जानेवारीच्या त्याच एक-दोन दिवसांत येते, ती याचमुळे. उजेड कमी होता हे खरे. त्याला कॅलेंडरचे कारण जोडले ते गोष्ट घट्ट बसावी म्हणून. शिक्षकांनी वर्गात हा उतारा जरूर वाचून दाखवावा आणि चूक मुलांना शोधायला लावावी. छापलेल्या आकड्यावर शंका घ्यायला शिकण्याची याहून चांगली संधी क्वचित मिळेल.

पण एवढी एक गोष्ट सोडली, तर तपशिलाच्या बाबतीत हा लेखक जबरदस्त आहे, आणि शेवट ठाऊक असूनही आपण अडकतो ते त्या तपशिलातच. जॅकल मारणार का, हा प्रश्न आपण केव्हाच सोडून देतो. आता तो काय करणार आणि ते कसे, एवढेच पाहत बसतो. त्याला खोटे पारपत्र हवे आहे. तो खेड्यातल्या चर्चच्या आवारात फिरतो, बालपणीच वारलेल्या एका मुलाचे थडगे शोधतो, त्या मुलाच्या जन्माचा दाखला रीतसर पैसे भरून काढतो आणि त्यावर पारपत्र मिळवतो. जन्माचे रजिस्टर एकीकडे, मृत्यूचे दुसरीकडे, आणि दोन्ही कुणी ताडून बघत नाही! ग्रामपंचायतीच्या कचेरीत कधी दाखल्यासाठी बसलेला माणूस हे प्रकरण वाचताना हसल्याशिवाय राहणार नाही. तिकडे त्याच्या मागावर असलेला लबेल हा फ्रेंच अधिकारी ना पिस्तूल नाचवत ना धावाधाव करत. तो टेलिफोन करतो, आणि लंडनचे कारकून रात्ररात्र पारपत्रांचे अर्ज उलटत बसतात. मारेकऱ्याचा मुखवटा फाटतो तो रजिस्टरांच्या गठ्ठ्यांतून. कारकुनांना असा पराक्रम दुसऱ्या कुठल्या रहस्यकथेने दिलेला मला आठवत नाही.

ही पारपत्राची युक्ती लेखकाची कल्पना नव्हती, खरीच फट होती, आणि पुस्तक आल्यानंतरही ती बरीच वर्षे उघडी राहिली. १९७४ साली स्टोनहाउस नावाचा ब्रिटिश खासदार आपल्या मतदारसंघातल्या मृत माणसाच्या नावाचे पारपत्र काढून, स्वतः समुद्रात बुडाल्याचे भासवून पळाला होता.

ऐतिहासिक कादंबरी आणि खरी घटना कशा विणल्या जातात याचा आणखी एक नमुना. कादंबरीत कटवाल्यांच्या एका अंगरक्षकाला फ्रेंच हेर पळवून नेतात. हा प्रसंग लेखकाने रचलेला. पण फेब्रुवारी १९६३ मध्ये कर्नल आर्गू या ओ. ए. एस. च्या पुढाऱ्याला म्युनिकमधून खरोखर पळवण्यात आले, आणि तो पॅरिसमध्ये नोत्रदाम चर्चजवळ एका मोटारीत हातपाय बांधलेल्या स्थितीत सापडला. परक्या देशातून माणूस उचलायचा आणि आपल्या पोलिसांना तो जणू रस्त्यात पडलेला मिळावा! कादंबरीकाराने एवढे धाडस स्वतःच्या मनाने केले असते तर आपण म्हटले असते, हे काही पटत नाही.

आता त्या वर्तमानपत्र हलवणाऱ्या म्होरक्याकडे वळतो. पेन्सिल घेऊन वाचायला बसलो ते त्याच्यासाठीच. त्याचे नाव जाँ बास्तियाँ-तिरी. हवाई दलाचा लेफ्टनंट कर्नल, क्षेपणास्त्रांचा नामांकित अभियंता, भाविक कॅथलिक, तीन मुलींचा बाप. भाडोत्री तर नव्हेच. आपण देश वाचवतो आहोत अशी त्याची ठाम समजूत होती. द गॉल यांना मारायचे नव्हते, पकडून न्यायासनापुढे उभे करायचे होते, असे त्याने खटल्यात सांगितले. दीडशे गोळ्यांपुढे ते कुणाला पटले नाही. ज्या लष्करी न्यायालयापुढे तो खटला चालला ते स्थापन करणारा हुकूम फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने १९६२ च्या ऑक्टोबरातच रद्द केला होता. मग कायदा करून त्याची मुदत वाढवली गेली. त्याच्या दोन साथीदारांचीही फाशी, म्हणजे तिथल्या रीतीप्रमाणे गोळीची शिक्षा, द गॉल यांनी माफ केली. त्याची केली नाही. गाडीत एक बाई बसली होती आणि स्वतः धोका न पत्करता त्याने दुसऱ्यांकडून गोळ्या झाडवल्या, हा राग त्यांच्या मनात होता असे म्हणतात. ११ मार्च १९६३ च्या पहाटे इव्रीच्या किल्ल्यात त्याला गोळ्या घातल्या. वय ३५. फ्रान्समध्ये गोळी घालून देहदंड झालेला तो शेवटचा माणूस.

कादंबरी सुरू होते ती याच पहाटेपासून. काही पानांत बास्तियाँ-तिरी संपतो. उरलेले कटवाले विचार करतात, आपल्यातल्या प्रत्येक निष्ठावंताचे नाव पोलिसांच्या दप्तरात आहे; तेव्हा ज्याचे नाव कुठेच नाही, ज्याला अल्जीरियाशी काही देणेघेणे नाही, असा परका माणूस पैसे मोजून आणावा. पाच लाख डॉलर ठरतात आणि जॅकल येतो. सुंदर देखणा, अबोल, कामात वाकबगार, नाव नाही, गाव नाही, मत नाही.

लेखकाची खरी करामत मला इथे दिसते. निष्ठावंत माणूस काढून घेतला आणि त्याच्या जागी मजूर बसवला. आता आपण निर्धास्तपणे मजा घेऊ शकतो. अल्जीरियातून उठून आलेली कुटुंबे, मागे मारले गेलेले लोक, खालच्या मजल्यावरची ती मुलगी, यांतले कुणी जॅकलच्या मागे उभे नसते. शिकारी आणि शिकार एवढेच उरते. बास्तियाँ-तिरीला घेऊन हीच कादंबरी लिहिली असती तर? शुद्ध हेतूने, देवाचे नाव घेऊन, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या गाडीवर गोळ्यांचा पाऊस पाडवणारा सुशिक्षित माणूस पानोपानी पाहावा लागला असता. एका रात्रीत ते पुस्तक संपले नसते. फोर्सिथने गैर केले असे मी म्हणत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या वाचनात मी त्या पहिल्या पानांवर जास्त वेळ थांबू लागलो आणि शेवटचा पाठलाग भरभर उलटू लागलो, हे कबूल केले पाहिजे.

इतिहासाने पती-क्लामारच्या गोळ्यांचे काय केले तेही सांगतो, कारण कादंबरीत ते कुठे नाही. हल्ल्यानंतर महिन्याच्या आत द गॉल यांनी जाहीर केले, की यापुढे राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा. कल्पना त्यांच्या मनात आधीपासून होती. आपल्यामागे काय, हा प्रश्न त्या संध्याकाळी साऱ्या देशाला एकदम दिसला होता, तो मोका त्यांनी साधला. २८ ऑक्टोबर १९६२ च्या सार्वमतात सुमारे बासष्ट टक्के मते बाजूने पडली. ज्याला खाली खेचायचे त्याचेच आसन कटवाल्यांनी पक्के करून दिले. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष आजही त्याच पद्धतीने निवडला जातो.

जॅकलची गोळी कशी हुकली ते मात्र मी सांगणार नाही. पुस्तक वाचनालयात मिळते. प्रकाशकांच्या त्या आक्षेपाचे उत्तर तेवढे देतो. पुस्तक छापून येईतो द गॉल हयात राहिले नाहीत. ९ नोव्हेंबर १९७० च्या संध्याकाळी, कोलोंबेच्या घरी, जेवणाआधी एकट्यानेच पत्त्यांचा डाव मांडून बसले असताना ते कोसळले. एकोणऐंशी वर्षे पुरी झाली होती. बाई तिथेच खोलीत होत्या.